धुराचा दावा

आमच्या वडिलांची सगळी वकिली धुऱ्यावर उभी होती. धुरा म्हणजे आमच्या वऱ्हाडात शेताचा बांध. नांगरताना कुणी तो हातभर सरकवला की दोन्ही शेजारी भांडत अकोल्याला येत आणि जुन्या शहरातल्या आमच्या ओसरीवर तोंडं फिरवून बसत. बाहेर धुऱ्याचे दावे आणि आत धुराचे, असं आमचं घर होतं. बाहेरचे दावे बाबा बरेचदा जिंकत.

आत चुलीत पऱ्हाट्या जळत. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी ही वाळकी झाडं आमच्याकडे मुबलक, आणि धूर द्यायला भलतीच उदार. आईचे डोळे बारा महिने लाल असत. साठ सालाच्या आसपास ते इतके बिघडले की डॉक्टरांनी बजावलं, धुरातून बाहेर पडा, नाहीतर दृष्टी जाईल. बाबा घाबरले. अमरावतीच्या एका प्रदर्शनात त्यांनी बिनधुराची चूल पाहिली होती. तीच घरात घालायची, असं त्यांनी जाहीर केलं.

हरकत घेतली आत्याने. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहान वयात विधवा झाली आणि तेव्हापासून स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं.

"धूर वर गेला नाही तं पितरांले समजन कसं, का जेवण तयार आहे म्हणून?" तिने विचारलं.

"अक्का, धूर वरच जाणार आहे. नळकांड्यातून जाईल."

"नळातून पाणी येते. धूर मोकळा जाते."

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारे बाबा यावर नुसते डोकं खाजवत राहिले. शेवटी तडजोड झाली. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचा स्वयंपाक नव्या चुलीवर विनातक्रार पार पडला तर चूल राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी आत्या ती स्वतःच्या हाताने फोडणार आणि आई पुन्हा धुरात बसणार. आईला कुणी विचारलंच नाही. मला याचा तेव्हाही राग आला होता.

मग बाबा कामाला लागले. माती कालवली आईने, पण धोतर खोचून कालवल्याचा आव बाबांचा. पुढे तोंड, वर भांडी ठेवायला दोन वैल, आणि मागच्या वैलाच्या पोटातून धूर नळकांड्यात जायची वाट. पत्र्याचं नवंकोरं नळकांडं इतकं चकाकत होतं की मी त्यात बघून वेणी घालून घेतली. छपराची कवेलू, म्हणजे कौलं, काढून ते बाहेर काढलं, तर बाबा अडून बसले. तापलेला पत्रा वाशाला लागला तर घर पेटेल, म्हणून चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडून मधे माती लिंपली. धुराडं छपराच्या आढ्याहून उंच हवं, म्हणून दोनदा उतरून पुन्हा चढले. चुलीशेजारी रचलेल्या पऱ्हाट्या अंगणात हलवल्या. त्यावर आत्या म्हणाली, "आता सरपणाले बी वनवास!"

आखजीच्या आदल्या दिवशी आत्याने रीतीप्रमाणे स्वयंपाकघर सारवून काढलं, चुलीला पोतेरं दिलं. सकाळी आईने विस्तव घातला, पुरणाची डाळ चढवली. बाबा पहिला धूर बघायला वर छपरावर जाऊन बसले.

"येऊन राहिला का?" आत्या ओरडली.

"अजून नाही," बाबा वरून म्हणाले.

खाली मात्र आला. चुलीच्या तोंडातून, वैलातून असा उसळून आला की आम्ही खोकत खोकत अंगणात. शेजारी पाण्याची बादली घेऊन धावले. बाबा खाली उतरले, जळत्या पऱ्हाट्या बाहेर ओढल्या आणि मागच्या वैलात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ओल्या मातीचा भलामोठा गोळा बाहेर काढला. तो त्यांनी पुराव्यासारखा आत्यापुढे धरला.

"हे भोक कोणी बुजवलं?"

"मी. सारवता सारवता हाताले लागलं. उंदराचं बीळ होतं."

"जाणूनबुजून! अक्का, वर एवढं नळकांडं आहे, ते दिसलं नाही?"

"कोणतं नळकांडं?"

"हे! चुलीवरचं!"

"तो तं खांब आहे," आत्या म्हणाली. "छपराले टेकू दिला न तू."

आम्ही पोट धरधरून हसलो. बाबाही हसले. बादली घेऊन आलेले शेजारीही हसले. आई तेवढी हसली नाही. तिने डोळे पुसले आणि आत्याजवळ गेली.

"वन्सं, तुम्हाला तो खांब कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? काळा. आता सगळंच काळपट दिसते."

आमचं हसू थांबलं. बाबा पुन्हा आत गेले आणि उरलेली माती खरवडून काढू लागले. विस्तव पुन्हा पेटला, धूर नळकांड्यातून गेला. पुरण शिजलं, वडे झाले, पितरांना पान वाढलं. आई चुलीपुढे तासभर बसून उठली तरी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते बघून मला नाचावंसं वाटलं, पण घरात तसं वातावरण राहिलं नव्हतं. जेवताना आत्याच म्हणाली, चूल राहू दे, बरी आहे. बाबांनी मान वर केली नाही.

"डॉक्टरांकडे तुम्ही मला नेलंत," आई त्यांना म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकत होते. "त्या माझ्याआधीपासून धुरात बसल्या. त्यांना एकदा तरी नेलंत?"

उत्तर दिलं ते आत्याने.

"त्याच्यावर काहून चिडून राहिली? मीच कधी बोलली नाही. मले वाटलं, बाईमाणसाले पुढं पुढं असंच दिसते."