चार सेलना एकच आदेश

हे मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. चाचणीच्या दिवशी नावाडी आजारी पडला, एवढंच बायकोला माहीत आहे. विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. वय वाढलं की भीती कमी होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, म्हणून आता लिहून टाकतो.

निवृत्तीनंतर मी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत सल्लागार म्हणून जायचो. मोबाइल टॉवरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर तिथे लिहिलं जाई. हल्ली एकाच टॉवरवर वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे तीन-चार सेल असतात आणि फोन त्या सगळ्यांकडून एकदम माहिती घेऊ शकतो. मात्र कुठल्या सेलवरून काय आणि कधी येणार, हे टॉवरला आधी फोनला कळवावं लागतं. या सूचनेला आम्ही आदेश म्हणायचो. चार सेल म्हणजे चार आदेश, आणि तेही सेकंदाला शेकडो वेळा. आदेशच इतकी जागा खायचे की खऱ्या माहितीला वाट अपुरी पडायची. ते ओझं कमी करायचं, चारही सेलसाठी एकच आदेश पाठवायचा, हे आमचं काम होतं.

माझ्याबरोबर तिशीतली एक इंजिनिअर होती. राहायला तिथेच, चारकोपच्या सेक्टरमध्ये. बोलायला फटकळ आणि कामाला पक्की. तिला ही गोष्ट पहिल्यापासून खटकत होती.

"सर, चौघांचा मजकूर एकात कोंबून आदेश लांबलचक झालाय. टॉवरपासून लांब गेलं की हाच आधी फुटणार."

"मग लांबच्या फोनसाठी त्याला जास्त जागा द्यायची."

"जास्त जागा दिली तर वाचवलं काय? आणि पूर्वी एक आदेश हुकला तर तीन उरायचे. आता एक हुकला की चारही सेल गेले. काठावरच्या फोनला जुनीच पद्धत ठेवूया ना."

तशी सोय तिने लिहूनही ठेवली होती. सिग्नल एका मर्यादेखाली गेला की फोनला पुन्हा वेगवेगळे, छोटे आदेश जायचे. चाचणीच्या आदल्या दिवशी मी ती मर्यादा इतकी खाली नेली की सोय असून नसल्यासारखी झाली. ग्राहकाला बचत दाखवायची होती, आणि जुन्या पद्धतीवर गेलेला प्रत्येक फोन बचतीचा आकडा खाली आणायचा. मी काय केलं ते तिला सांगितलं, नाही असं नाही.

"तू फार भित्री आहेस," मी म्हणालो.

"बोटीत मी बसणार आहे सर, तुम्ही नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो.

चाचणीचा टॉवर बोरिवलीच्या बाजूला, खाडीजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर होता. तिथून बोटीने गोराईकडे जायचं आणि पुढे तिवरांच्या झाडीच्या कडेकडेने फोन कुठवर टिकतो ते बघायचं, असं ठरलं होतं. बोट गोराईच्या एका कोळ्याची होती. माझ्याच वयाचा माणूस, सगळे त्याला नाखवा म्हणत. चाचणीचा फोन आमच्या टॉवरशिवाय दुसऱ्या कुणाशीही बोलणार नाही असा बांधलेला होता. मी तिचा स्वतःचा फोन मागून घेतला आणि नाखव्याचाही घेतला.

"साहेब, घरनं फोन आला तर?"

"मी उचलतो, नाखवा. तासाभराचं तर काम."

जवळ दुसरे फोन असले तर मोजमाप बिघडतं, असं कारण मी दिलं. ते नुसते बंद करून खिशात ठेवले असते तरी चाललं असतं. मला कसलीही कटकट नको होती, एवढंच. दोन्ही फोन मी टेबलाच्या खणात टाकले.

गच्चीखालच्या खोलीत मी पडद्यासमोर बसलो आणि शेजारी ग्राहकाचा माणूस. बोट गोराईच्या जेट्टीपर्यंत गेली तोवर सगळं सुरळीत होतं. ती तिवरांच्या मागे वळली आणि आदेशांचं ओझं दाखवणारी रेघ झपकन खाली आली.

"बघा," मी म्हणालो. "केवढी उतरली."

"झकास," तो म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

अर्धा कप चहा होईपर्यंत मी खूश होतो. मग बाजूच्या रेघेकडे लक्ष गेलं. तीही पडली होती. माहितीही जात नव्हती. बचत कसली, ऐकणारा फोनच गेला होता. टॉवरने थोडा वेळ हाका मारल्या आणि उत्तर येईना तशा थांबवल्या. ती शांतता पडद्यावर बचत म्हणून दिसत होती आणि तिच्यावर मी चहा पीत होतो.

मर्यादा परत वर न्यायला मला एक मिनिटही लागलं नसतं. पण शेजारी ग्राहकाचा माणूस बसला होता. बोट वळेल, फोन आपोआप परत लागेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

तेवढ्यात खणातला फोन वाजला. पलीकडे नाखव्याची बायको होती.

"कुठवर आले हो? सकाळपासून छातीत दुखतंय म्हणत होते. गोळी इथेच विसरलेत."

"जवळच आहेत," मी म्हणालो. "येतायत."

मी फोन ठेवला. तसा घाबरलेला मी आधी कधी नव्हतो. पासवर्ड दोनदा चुकला. मर्यादा वर नेली. रेघ काही क्षण तशीच पडून राहिली आणि मग हळूहळू उठली. लगेच चाचणीच्या फोनवरून तिचा कॉल आला.

"सर, कधीची लावतेय! सिग्नलच्या दोन काड्या दिसतायत आणि कॉल जातच नाही. नाखवा पडलेत. बोट चिखलात रुतलीये. ते बघतायत माझ्याकडे पण बोलत नाहीत. कुणाला तरी पाठवा, सर, प्लीज."

मागे वारा आणि तिचा श्वास, दोन्ही ऐकू येत होते. जेट्टीवरून दुसरी बोट गेली. मी खोलीतच राहिलो. खरं सांगायचं तर नाखव्याचा चेहरा बघायची हिंमत नव्हती. नाखवा वाचला. पण हृदयाचा बराच भाग गेला होता. आधी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. त्यानंतर तो बोटीवर गेला नाही.

पुढच्या बैठकीत कंपनीच्या मालकांनी विचारलं की फोन का तुटला. नाखव्याचा मुलगाही तिथे येऊन बसला होता. मी म्हणालो, "काठावरच्या फोनसाठी जी सोय होती, ती वेळेवर चालली नाही. तो भाग हिने लिहिला होता."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मर्यादा कुणी बदलली, तेही सांगा ना, सर."

"आता त्यात कशाला शिरायचं," मी म्हणालो. मालकांनी मान डोलावली. माझ्या वयाकडे बघून असेल.

तिने नोकरी सोडली. ती नाखव्याला बघायला गोराईला जायची, असं कानावर आलं. मग मुलाने तिला दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली, असंही आलं. मी कधीच गेलो नाही. आजही अनोळखी नंबर वाजला की त्या घरचाच असेल असं वाटून माझी बोटं गार पडतात.

मध्यंतरी पार्ल्याला भाजी घेताना ती समोर आली. केस थोडे पिकले होते.

"सर, ओळखलंत का?"

"हो तर. कशी आहेस?"

"बरी. तुम्ही?"

"गुडघे दुखतात."

मेथीची जुडी हातात धरून मी उभा होतो. ती थांबली, जरा जास्तच वेळ थांबली. मी भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारला.

"येते, सर," ती म्हणाली आणि गेली.

मला म्हणायचं होतं: अगं, मर्यादा मी बदलली होती, तुमचे फोन मी काढून घेतले होते, हे मी गोराईला जाऊन त्या मुलाला सांगतो, तू बरोबर चल, आणि मला माफ कर.