दाभणबाईंचं शनिवारचं टेबल

वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे दाभणबाई म्हणत. दाभण म्हणजे पुस्तकाला भोकं पाडायची जाड सुई, पण नाव पडलं ते त्यांच्या जिभेवरून. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रारही नव्हती.

नवरा गेला त्या वर्षी बाईंचा हात पहिल्यांदा चुकला. दोन जाडजूड कादंबऱ्या शिवायला आल्या होत्या. दोन्ही एकाच मापाच्या, दोन्हींत स्वयंपाकघर आणि खून, आणि दोन्हींचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायची सोळा पानं, सुटलेला. बाईंनी एकीचा शेवट दुसरीला शिवला. मग एका शनिवारी शिंपीणबाई तणतणत आल्या. चारशे पानं कादंबरीतल्या बेकरीवालीबरोबर विषारी केकचा माग काढला, आणि खुनी निघाला कोण, तर कधी न भेटलेला मधमाश्या पाळणारा. तेवढ्यात दातांचे डॉक्टरही दुसरं पुस्तक नाचवत हजर झाले. त्यांच्या पुस्तकातला आचारी शेवटी गायबच झाला होता.

माफी मागणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, पुस्तकांची अदलाबदल केली, आणि पुस्तकं चिकटवायचा सरस तापवायच्या शेगडीवर वेगळं पातेलं ठेवलं. बेकरीवालीच्या पुस्तकातच फ्रेंच पद्धतीच्या हॉट चॉकलेटची कृती होती. पावडर अजिबात नाही. सायीचं दूध, चाकूने बारीक चिरलेलं काळं चॉकलेट, मिठाची चिमूट, आणि चमचा जड होईपर्यंत मंद आचेवर घोटणं. दोघांनी पेला हातात घेऊन आपापला शेवट वाचला आणि भांडण विसरले. पुढच्या शनिवारी चार वाजता ते पुन्हा आले, कुठलीही चूक नसताना. हळूहळू टेबलाभोवती अकरा माणसं जमू लागली. खरं सांगायचं तर त्या टेबलापायीच बाई पुन्हा माणसांत आल्या.

ती दोन पुस्तकं दुरुस्त करायला तासभरही लागला नसता. बाईंनी ती कधीच दुरुस्त केली नाहीत. ज्याला शेवट हवा त्याने शनिवारी यावं, दुसरं पुस्तक टेबलावरच वाचावं, आणि पेला घ्यावा, असा नियमच करून टाकला.

वाचनालयाचे नवे अध्यक्ष आले ते निवृत्त मुख्याध्यापक. नाकाने कांदे सोलणारे. खून आणि केक यांचा वाचनसंस्कृतीशी काय संबंध, असं त्यांनी पहिल्याच सभेत विचारलं. अशा कादंबऱ्यांच्या फळीवरची त्रेपन्न पुस्तकं सोमवारपर्यंत रद्दीत आणि शनिवारचं टेबल कायमचं बंद, असा आदेश त्यांनी टाईप करून घेतला. बाईंनी नियमावली पुढे सरकवली. निदान एक पुस्तक वाचून अहवाल लिहिल्याशिवाय फळी रद्द करता येत नव्हती. अध्यक्ष तावातावाने फळीपाशी गेले आणि हाताला आलं ते पुस्तक काखोटीला मारून निघाले. ते बेकरीवालीचं होतं. बाईंनीच डाव साधला असं डॉक्टर आजही म्हणतात. बाई म्हणतात, हात त्यांचा होता. ते पुस्तक फळीवर बाकीच्यांपेक्षा बोटभर पुढे होतं, एवढं मात्र खरं.

शनिवारी चारला अध्यक्ष आले. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात आदेश, सही तेवढी बाकी.

"या पुस्तकात चूक आहे," ते म्हणाले.

"आहे," बाई पातेलं घोटत म्हणाल्या.

"हा मधमाश्यांवाला कोण?"

"दुसऱ्या पुस्तकातला."

"मग आमचा खुनी कुठंय?"

तो 'आमचा' बाईंनी बरोबर टिपला, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. खुनी शिंपीणबाईंच्या समोरच्या पुस्तकात आहे, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी ते घरी न्यायला मागितलं. बाईंनी नियम सांगितला. टेबल तर बंद होणार आहे, अशी अध्यक्षांनी आठवण करून दिली.

"मग शेवटही बंद," बाई म्हणाल्या. "आणि अहवालाला शेवट कशाला लागतो, सर? खून आणि केक, एवढं पुरे की."

बोलून तर गेल्या, पण धोका त्यांना ठाऊक होता. हे गृहस्थ तसेच मागे वळले असते तर सोमवारी फळी रिकामी, आणि पुढचे सगळे शनिवार घरी भिंतीकडे बघत काढायचे. तरी त्यांनी मान खाली घातली नाही. बत्तीस वर्षं लोकांची फाटलेली पुस्तकं सांधली, आता आपल्या टेबलासाठी विनवणी करणार नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

अध्यक्षांनी खुर्ची ओढली.

बाईंनी त्यांच्या हातातला आदेश घेऊन टेबलावर पसरला आणि त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. शिंपीणबाईंनी पुस्तक सरकवलं. मग अर्धा तास अध्यक्ष पानं उलटत राहिले. मध्येच अध्यक्षांनी न बघता पेला पुढे केला, तो बाईंनी पुन्हा भरला.

शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. "मला पहिल्यापासून तिचाच संशय होता."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

आदेशावर पेल्याचा तपकिरी गोल उमटला होता. अध्यक्ष तो बोटाने पुसू लागले. कागद खराब झाला, नवा टाईप करावा लागेल, असं पुटपुटले. आवाजात जोर नव्हता.

"नवा कशाला?" बाई म्हणाल्या. "आहे तसाच शिवते."

आणि खरंच शिवला. बेकरीवालीच्या पुस्तकात, चुकीच्या शेवटाच्या बरोबर आधी. ते पुस्तक नेणाऱ्याला ऐन रंगात हा कागद भेटतो. सदर फळी सोमवारपर्यंत रिकामी करावी, शनिवारचं टेबल कायमचं बंद. खाली सही नाही, गोल आहे. पान उलटलं की मधमाश्या पाळणारा येतो, आणि शनिवारी चार वाजता वाचणाराही टेबलापाशी येतो.