अडीच तास अंगावेगळं

नळदुर्गात बायका मला भाग्याची म्हणतात. नवरा धर्माच्या कामावर असताना गेला, परमुलखात गेला, पण इष्टलिंग अंगावर ठेवून गेला, असं सगळ्यांना वाटतं. मीच तसं सांगितलंय. ते साफ खोटं आहे, आणि गेल्या महिन्यापर्यंत मी ते इथं कुणाला कळू दिलं नव्हतं.

आमच्यात मूल जन्मलं की त्याला लिंग बांधतात. सुपारीएवढं, काळं, चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, त्याच्याकडं बघत बसायचं. बाकीचा वेळ ते छातीवर. आंघोळ असो, झोप असो, आजारपण असो, अंगावेगळं म्हणून करायचं न्हाय. माणूस गेला तरी ते त्याच्या हातात देऊनच त्याला मातीत ठेवतात.

आमचं कापडाचं दुकान. साठी उलटल्यावर लेक गल्ल्यावर बसायला लागला आणि आमचे हे माझ्या डोक्यावर. भाजी अशीच का चिरली, नळ का ठिबकतोय, एक ना दोन! मी वैतागून म्हणायची, "जावा की हो कुठंतरी, दोन घडी." ते मठापर्यंत ऐकू गेलं की काय कोण जाणे. स्वामीजींनी दोघांनाही बोलावून घेतलं. म्हणाले, इंग्लंडात आपली बरीच घरं आहेत, पोरांना धर्माचं काही माहीत न्हाय, कुणीतरी वडीलधारं जोडपं दोन वर्षं जाऊन राहायला पाहिजे. हे लगेच "व्हय" म्हणाले. मला विचारलंसुद्धा न्हाय! घरी येईपर्यंत मी भांडले, आणि घरी आल्यावर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधायला घेतली.

तिथलं गाव कारखान्यांचं. आभाळ कायम ओल्या घोंगडीसारखं. दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये पोरांना पूजा शिकवायची, मग सगळ्यांना जेवायला वाढायचं, हे आमचं काम. हे धोतरावर लेकाचा जाड कोट घालायचे आणि पायात पळायचे बूट. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग अशी चिकटली की विचारू नका. इंग्रजीच्या नावानं आमची बोंब होती. शेजारी आळंदची एक सून राहायची, कानडी-मराठी दोन्ही बोलणारी, तीच आम्हाला सगळीकडं घेऊन फिरायची.

पहिल्याच महिन्यात कळलं की बऱ्याच आया पोरांचं लिंग काढून ठेवतात. शाळेत पोहायचा तास असतो म्हणे. हे असे उखडले! "शाळेला विचारलंत का? न्हाय ना? मग न विचारताच काढता? देवानं तोंड कशाला दिलंय?" दुसऱ्या दिवशी आळंदच्या सुनेला घेऊन स्वतः शाळेत जाऊन उभे राहिले. मोठ्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून दंडाला बांधा, आमची हरकत न्हाय. झालं. तेव्हापासून दर रविवारी एकच पालुपद, "विचारलं की माणसं ऐकतात." माझे कान किटले होते ते ऐकून.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी पूजेवरून उठले आणि पोट धरून खालीच बसले. कपाळावरचं भस्म अजून ओलं होतं. आळंदच्या सुनेनं गाडी बोलावली, दवाखान्यात सगळं विचारून मला समजावून सांगितलं. आतड्याला पीळ पडलाय, ऑपरेशन करावं लागेल, पण अजून तासभर वेळ आहे. तिची धाकटी तापानं फणफणली होती म्हणून शाळेतून सारखे फोन येत होते. "अर्ध्या तासात येते आजी," म्हणून ती गेली.

ती गेली आणि पाचच मिनिटांत धावपळ सुरू झाली. आत्ताच न्यायचं ठरलं असावं. नर्सबाई माझ्यासमोर एक कागद घेऊन आली. त्यावर चित्रं होती. अंगठी, साखळी, कवळी, आणि सगळ्यांवर लाल फुल्या. तिनं ह्यांच्या गळ्याकडं बोट दाखवलं आणि माझ्यापुढं एक पाकीट धरलं.

हे कण्हत म्हणाले, "तिला येऊ दे गं. विचारू."

मी काय म्हणावं? "आता काय विचारता? पोट फाटायची वेळ आली आणि हे लोक तुमच्यासाठी खोळंबलेत! द्या इकडं." असं म्हणाले मी. आणि काढलं. एवढ्या वर्षांत जे कुणी काढलं नव्हतं ते मी काढलं. जीव वाचावा म्हणून काढलं, असं मी स्वतःला लई दिवस सांगितलं. पण खरं सांगू? मला त्या नर्सबाईची भीड पडली. शिकल्यासवरलेल्या, स्वच्छ कपड्यातल्या बाईला ताटकळत ठेवायला मी लाजले. बस, एवढंच कारण.

पाकिटात मात्र घातलं न्हाय. मुठीत धरून बाकड्यावर बसले. आळंदची सून पळत आली, माझ्या मुठीतून लोंबणारा दोरा बघून म्हणाली, "आजी, हे काय केलंत?" तशीच ती नर्सबाईकडं गेली. परत येऊन माझ्याशेजारी बाकड्यावर बसली. नर्सबाईनं सांगितलं होतं, आधी बोलला असतात तर पिशवीत घालून त्यांच्या हाताला पट्टीनं चिकटवलं असतं, आम्ही लोकांसाठी असं नेहमी करतो. "मग आता नेऊन बांधा म्हणावं," मी म्हणाले. आता आत कुणाला जाता येत नव्हतं.

अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले. हे टेबलावरच गेले होते.

मी दोरा पुन्हा त्यांच्या गळ्यात घातला. अंग अजून कोमट होतं. पण ज्या वेळेला ते हवं होतं, ती वेळ त्याच्याशिवाय गेली.

पेटीतून गावी आणलं. मातीपाशी स्वामीजींनी विचारलं, "शेवटपर्यंत अंगावर होतं ना?" सगळा गाव उभा होता. मी म्हणाले, "व्हय." बायका माझ्या पाया पडायला लागल्या. पाय मागं घ्यावेत एवढंसुद्धा मला सुचलं न्हाय.

गेल्या महिन्यात तेरचं एक जोडपं घरी आलं. आमच्या जागी आता ते दोघं चाललेत. ती बाई माझ्यासारखीच, बोलायला फटकळ, बाहेर बुजरी. काय काय न्यावं विचारत होती. मी कोट सांगितले, चटणी सांगितली, बूट सांगितले. मग ती म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही लिंग कसं सांभाळलंत, तेवढं शिकवा आम्हाला." नेहमीचं खोटं ओठांवर आलं होतं. पण तिच्या नवऱ्याच्या छातीवर सदऱ्याखाली डबीचा उंचवटा दिसत होता. मी सगळं सांगून टाकलं. "तिथं विचारा," म्हणाले, "भीड धरू नका, माझ्या पाया पडण्यापेक्षा एवढं करा."

ती हळूच म्हणाली, "लई भांडले असतील तुमच्याशी."

भांडले असते तर किती बरं झालं असतं. त्यांचे दोन्ही हात सुया-नळ्यांनी गुंतलेले होते. मी "द्या इकडं" म्हणून ओरडल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि दोरा कानाला अडकू नये म्हणून मान खाली घातली.