गुणाचं लेकरू

डीएमपीके. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही अक्षरं एखाद्या सहकारी संस्थेच्या पाटीवरची वाटली. ते माणसाच्या एका जनुकाचं नाव आहे. त्यावरून स्नायूंमध्ये एक प्रथिन तयार होतं. ते दुसऱ्या प्रथिनांवर खूण करून पेशीतले निरोप पुढं पाठवतं. काही घराण्यांत या जनुकातली तीन अक्षरं अडखळल्यासारखी पुन्हापुन्हा येतात, आणि आईकडून लेकराकडं जाताना बहुतेकदा आणखी वाढतात. हे कळायला मला बहात्तरच्या दुष्काळानंतर वीसेक वर्षं लागली.

त्या दुष्काळात माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला परंड्याजवळच्या आमच्या गावी आली होती. मुलगा झाला. दीड महिन्यात ती आमच्याबरोबर रस्त्याच्या कामावर येऊ लागली. मातीची घमेली हातोहात पुढं जायची आणि अक्कापाशी रांग थांबायची. घमेलं तिच्या हातातून सुटायचंच नाही. मूठ उघडायला तिला दोन-चार श्वास लागायचे.

"सोड की गं, माहेरची माती सासरी न्हेतीस का काय?" पुढची बाई म्हणायची. सगळ्या हसायच्या, अक्काही.

लेकरं बाभळीखाली लुगड्यांच्या झोळ्यांत असायची. बाकीची टाहो फोडायची, अक्काचं रडायचं नाही. छातीशी धरलं की दोन घोट घेऊन झोपून जायचं. उचललं तर हातपाय ओल्या फडक्यासारखे लोंबायचे. बायकांना त्याचं केवढं कौतुक! "लई गुणाचं हाय बाई. त्याला बी दुष्काळ कळतोय." अक्का लाजून पदर सारखा करायची. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. मलाही काही खटकलं नाही.

एकदा एक पुढारी पाहणीला आले. त्यांच्यासाठी रस्त्यावर पाणी शिंपडलं होतं. आमच्या प्यायच्या रांजणात ते नव्हतं. फोटोसाठी त्यांना मूल हवं होतं. दोन मुलांनी त्यांना पाहताच भोकाड पसरलं, म्हणून अक्काचं दिलं. ते गप्प राहिलं. अशी सहनशील पिढी घडते आहे, असं ते भाषणात म्हणाले. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या.

पंधराएक दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत अक्का पाजायला गेली तेव्हा ते झोळीत गार पडलेलं होतं.

सासूनं लेकरू उपाशी मारल्याचा ठपका ठेवला. तो पुढं वर्षानुवर्षं, सणासुदीलासुद्धा निघायचा. अक्काचं उत्तर एकच असायचं, "प्वाट भरल्याबिगर झोपंल का लेकरू?" त्या एका वाक्यावर ती त्या घरात उभी होती. तिला पुन्हा मूल झालं नाही.

ऐंशीनंतर, चाळिशी गाठायच्या आतच तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासताना तिला त्यांचा हात घट्ट धरायला लावला, मग सोडायला सांगितला. तो सुटेना. ते हसले नाहीत. बराच वेळ काय काय विचारत राहिले, लेकराचंही. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, हा घराण्यातून येणारा आजार आहे. आईला बेताचा असतो, पण लेकराला कधीकधी जन्मतःच फार भारी. त्या बाळाला दूध ओढायची ताकदच नसणार.

मला हायसं वाटलं. एवढ्या वर्षांचा ठपका डॉक्टरांनीच पुसला होता. परतताना एसटीत मी तिला सगळं समजावलं. आजार तिच्याकडून गेला, एवढं मात्र गाळलं.

"अक्का, तुझं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्यात दूध ओढायचं बळच नव्हतं."

ती खिडकीबाहेर बघत होती. कुर्डुवाडी मागं पडली. मग हळूच म्हणाली,

"म्हंजी झोपायचं ते दमून व्हय रे?"

तिनं पदर सारखा केला.

"प्वाट भरत नव्हतं त्याचं."