पाव फेरा जास्त

माझी मुलगी अजून न बांधलेल्या इमारतींची चालती चित्रं करते. बिल्डर नकाशा पाठवतो. ती त्यातून कॉम्प्युटरवर घर उभं करते, खिडकीतून ऊन आत सोडते, सोफ्यावर उशा ठेवते, आणि गिऱ्हाईक त्या नसलेल्या घरातून फिरून येतं. आमच्या वेळी आधी विटा लागायच्या. असो. तिचं ऑफिस हैदराबादला आणि ती रायपुरात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसनं सगळ्यांना परत बोलावलं. हिनं मिनतवाऱ्या करून तीन महिन्यांची मुदत घेतली. काम वेळेवर येत राहिलं तर घरूनच कर, एकदा जरी चुकलं तर सामान बांधून ये, असं ठरलं.

मला ती जायला नको होती. हे मी कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. बापानं असलं बोलायचं नसतं अशी माझी समजूत होती.

एप्रिल लागला आणि तिचं मशीन दुपारी बंद पडू लागलं. वरची खोली थेट स्लॅबखाली. कूलर लावला की दमट, नाही लावला की भट्टी. मशीनचे पंखे इतके ओरडायचे की माझ्यासारख्या अर्ध्या बहिऱ्यालाही खालच्या खोलीत ऐकू यायचं. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान तसेही मिलमध्येच राहतात. एक दिवस मशीन तीनदा बंद पडलं, आणि त्या संध्याकाळी मुलीनं जाहीर केलं की आता पंख्यांवर भागणार नाही, मशीनला पाणी लावायचं. तयार मिळतं ते नको, आपल्या मापानं आपणच जोडायचं.

सामान आलं तेव्हा मी खोक्याभोवती घुटमळत होतो. तिनं एकेक वस्तू काढून पलंगावर मांडली. तांब्याचे दोन चपटे ठोकळे, त्यांच्यावर काचेसारखं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण. हे गरम होणाऱ्या भागांवर बसवायचे. मुठीएवढा पंप. पाण्याची नळकांड्यासारखी टाकी. जाळीचा रेडिएटर, नळ्या, आणि नळ्या जोडायला अंगठ्याएवढे काळे जोड. पाणी तांब्यातून गरमी घेणार, रेडिएटरमध्ये सोडणार, परत येणार.

मला हसू फुटलं. मी मिलच्या पंपहाउसचा माणूस. आयुष्यभर हेच केलं, फक्त आमचा पाइप असा होता की त्यात मांजर शिरून झोपायचं. "हे तं आमचं पंपहाउसच आहे," मी म्हटलं. "तू मले आधी काहून नाही विचारलं?"

"बाबा, आप डाँटोगे लगा," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. तिच्या वयाची इथली सगळी मुलं अशीच.

पुढचे चार दिवस माझ्या निवृत्तीनंतरचे सगळ्यांत चांगले दिवस होते. तिनं टाकी खाली आणि पंप वर लावला होता. मी म्हटलं, "पंप कोरडा चालला की मेला समज. पाणी आपल्या वजनानं त्याच्या तोंडात पडलं पाहिजे." तिनं दोन्ही काढून जागा बदलल्या, वाद न घालता. आमच्या घरात हे नवलच होतं. मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे डबे आणले. पाण्यात काई, म्हणजे शेवाळ, धरू नये म्हणून तिनं औषधाचे थेंब टाकले तेव्हा मी तिला कूलिंग टॉवरमधल्या काईची हकीकत सांगितली. ही हकीकत बायकोनं शंभर वेळा ऐकली आहे. मुलीनं पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

खटका उडाला तो जोडांवरून. ती प्रत्येक जोड नुसत्या बोटांनी फिरवून बसवत होती. पाना नाही, धागा नाही, गळती रोखायचा सफेदा नाही.

"हातानं कसते का कोणी पाण्याचा जोड?"

"अंदर रबर की रिंग है बाबा. पानी वही रोकती है. ज़्यादा कसोगे तो ऊपर का प्लास्टिक चटक जाएगा. उँगली से जितना जाए, बस."

मला पटलं नाही. आमच्याकडे नियम असा, की जोड कसून झाला की आणखी पाव फेरा द्यायचा. तो पाव फेरा ज्यानं दिला नाही त्याला मी फिटर म्हणत नसे. कित्येकांना मी यावरून चारचौघांत फाडून खाल्लंय.

मग तपासणी झाली. मशीनला वीज न देता नुसता पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा, आणि पूर्ण दिवस थांबायचं. आम्हीही नवी लाइन एक पूर्ण पाळी दाबाखाली ठेवायचो. मी खुर्ची टाकून बसलो आणि तासातासाला कागद चाचपत होतो. एकही कागद ओला झाला नाही. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, आणि भर दुपारी, बाहेर डांबर चिकटत असताना, ते कुरकुर न करता चालत राहिलं. बायको वर येऊन म्हणाली, "अहो, बंद आहे का हे?" मुलगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात आलं, आता ही कुठं जात नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी ती एका बिल्डरची जागा पाहायला रायपूरजवळच्या अभनपूरला गेली. मशीन बंद होतं. मी वर गेलो. सगळं कोरडं, ठणठणीत. मी एक जोड बोटांनी फिरवून पाहिला. हलला नाही. दुसराही हलला नाही. शहाण्या माणसानं तिथंच खाली यावं. मी खाली आलो, पण पाना घ्यायला. मशीनमध्ये चित्रं उभी करणारं जे कार्ड, त्याच्या ठोकळ्यावर तीन जोड होते, तिघांनाही मी पाव पाव फेरा दिला. तिसऱ्याला मनगटात काहीतरी बारीक तडकल्यासारखं जाणवलं. कानांनी ऐकू आलं नसतं, पण तीस वर्षं पाना धरलेल्या मनगटाला कळतं. मी चष्मा लावून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं. मी पाना जागेवर ठेवला, हात धुतले आणि काही झालंच नाही असं स्वतःला सांगून जेवायला बसलो.

चार दिवसांनी दुपारी वरून तिची किंकाळी आली. झाकणाला केसाएवढी चीर गेली होती, पाणी कार्डावर उतरलं होतं, आणि कार्ड जळलं होतं. दुसऱ्या दिवशी द्यायचं काम अर्धं राहिलं. हैदराबादहून फोन आला, आणि एक तारखेला हजर व्हायचं ठरलं.

रात्रीच्या जेवणाला ती आईला म्हणाली, "मेरी ही गलती है. मैंने ही ठीक से नहीं लगाया होगा." आणि मी, हात दाखवून अवलक्षण केलेला मी, काय म्हणालो? म्हणालो, "होते असं पहिल्या बारीला. मनाले लावून नको घेऊ." स्वतःच्या चुकीबद्दल मी तिची समजूत काढली. तिनं मान हलवली. ते वाक्य आजही आठवलं की घास कडू होतो.

मिलमध्ये माझं एक सांगणं असे: चूक झाली तर आधी घंटा वाजवा, मग रडा. तेच सांगणारा मी आता मूग गिळून बसलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिनं टेबलावरचा पाना नुसता उचलून बाजूला ठेवला तरी मी काहीतरी निमित्त काढून खाली येई. बायको दोनदा म्हणाली, "तुमी जेवून नाही राहिले बरोबर." मी उन्हावर ढकललं.

पाचव्या दिवशी ती ते सगळं सामान खोक्यात भरत होती. कोणी घेतलं तर देऊन टाकणार होती. मी दारात उभा होतो. "नवं झाकण मागव ना," मी म्हटलं. "तिकडं घेऊन जा, तिकडं जोड."

"नहीं बाबा. ये मेरे बस का नहीं है. मुझे लगा था आता है." ती हे रागानं बोलली नाही. हिशेब संपल्यासारखं, थंडपणे बोलली. आणि तेच मला सोसवलं नाही. कार्ड जळलं ते जळलं, नोकरी जिकडं जायची तिकडं जावो. पण जे काम तिला उत्तम येत होतं ते येत नाही असं मानून ती माझ्या घरातून बाहेर पडणार होती.

"पाना मी लावला होता," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "काहून?" म्हणाली. पहिल्यांदाच मराठीत.

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. भरवसा नव्हता, सवय आहे, आमच्याकडं असंच करतात. त्यात तिला राग आला असता, पण माझी इज्जत राहिली असती. तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं. "बोटाईत जोर नाही राहिला माया. तुया जोड कसलेला आहे का ढिला, मले बोटानं समजूनच नाही राहिलं. पाना धरला तं वाटलं, समजते."

खरं होतं. उजव्या हाताची बोटं केव्हाच गेली होती. शर्टाची बटणं बायको लावत होती आणि मी तिला लाडात येऊन लावू देतो असा आव आणत होतो. नळ उघडायला मी रुमाल गुंडाळत असे. पंपहाउसच्या माणसाला घरचा नळ उघडत नाही, हे कोणाला सांगणार?

मुलीनं खोकं बाजूला सारलं आणि आपली दोन बोटं माझ्या तळहातात ठेवली. "दबाओ." मी दाबली. "दबाओ ना बाबा." मी जीव खाऊन दाबत होतो.

मग मात्र ती भडकली. पाच दिवस झोपले नाही, म्हणाली. प्रत्येक जोड डोळ्यांपुढं आणून कुठं चुकले ते शोधत होते, आणि तुम्ही शेजारी बसून वरण-भात खात होता. आणि हात असा झालाय हे सांगितलं नाही ते वेगळंच. ती ओरडत होती आणि मी ऐकून घेत होतो. मिलमध्ये मी ज्यांना ज्यांना फाडून खाल्लं त्यांना बहुतेक असंच वाटलं असेल. मग ती रडली. मीही रडलो, आणि ते लपवलं नाही.

तिनं हैदराबादला फोन करून दहा दिवस वाढवून घेतले. मशीनसाठी नाही, माझ्यासाठी. समता कॉलनीत नसांचे एक डॉक्टर आहेत, तिथं आम्ही तिघं गेलो. त्यांनी विचारलं, कब से है? मी म्हटलं, एक साल. बायको म्हणाली, "दो साल." मी तिच्याकडं पाहिलं, तर ती भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती. मानेतली नस दबली आहे, औषध आणि व्यायाम करा, फरक पडेल, पण पहिल्यासारखा जोर येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दहा दिवसांत तिनं नवं झाकण आणि जळलेल्याच्या जागी दुसरं कार्ड मागवून सगळं पुन्हा जोडलं, बोटांनी. मी खुर्चीत बसून रबरी चेंडू दाबत होतो आणि तोंड बंद ठेवत होतो. पूर्ण दिवस पंप चालला. कागद कोरडे राहिले.

शेवटच्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. अभनपूरचा बिल्डर काम देतो म्हणतोय, इथंच राहून होईल, म्हणाली. मग विचारलं, "रुकूँ?"

उन्हाळाभर मी ज्यासाठी धडपडलो ते तिनं आपणहून समोर आणून ठेवलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. बाप आजारी, हात अधू, कोणी मला दोषही दिला नसता.

"जा," मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं, असं मी मागून बायकोला सांगितलं. तेवढं खोटं आहे. सहज नव्हतं. तिला कळू नये म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.