म्हशीला काकू म्हणणारी मुलगी

आमच्या समोरच्या घरातल्या मुलीइतकं जनावरांशी अदबीनं बोलणारं माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत दुसरं सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. ती म्हशीला काकू म्हणायची, शर्यतीच्या बैलाला सरपंच म्हणायची, आणि तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेल्या मला, आठवण झालीच तर, आप्पा. माझी तब्येत विचारायची तीसुद्धा आमच्या राणीची विचारून झाल्यावर. राणी ही माझ्या बायकोची कुत्री. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि राणी नि मी एकमेकांना कसंबसं सांभाळून घेत होतो.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. लोकांच्या जनावरांचे फोटो काढून ती आपली फी आपणच भरायची. आमच्याकडे हल्ली बैलाच्या वाढदिवसालाही चौकात फ्लेक्स लागतो, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मोबाइल मात्र आईचा जुना. डावीकडची काच तडकलेली, त्या बाजूचं काही म्हणजे काही दिसत नसे. म्हणून आमच्या तळेगाव ढमढेऱ्यातलं प्रत्येक जनावर तिच्या फोटोत उजव्या अंगाला उभं आहे, आणि लोक त्याला स्टाइल समजत. कॉलेजच्या गणवेशात ती खुशाल शेणात पालथी पडायची. खिशात बिस्किटाचा रिकामा पुडा असायचा, तो चुरगाळला की कुत्री कान टवकारत. म्हशीपुढे ही युक्ती चालत नाही. वरवंडच्या एका म्हशीनं मान वर करावी म्हणून ही अडीच तास गोठ्यात बसली आणि तिकडे सहामाहीचा पेपर बुडाला. मी चांगलाच रागावलो. ती शांतपणे म्हणाली, “काकूंना घाई न्हवती, आप्पा.” पुढे तो फोटो मी पाहिला. म्हैस मांडवातल्या वरमाईसारखी दिसत होती. मग मला पुढे रागावता आलं नाही.

तिची आई सणसवाडीला कंपनीत. सकाळी बसनं जायची ती दिवेलागणीला यायची, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. त्यामुळे दुपारी तीनच्या सुमाराला ही मोबाइल चार्जिंगला लावायला म्हणून माझ्याकडे यायची. दोन्ही घरांना वीज एकाच खांबावरून येते, हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. ती चहा प्यायची, राणीशी गप्पा मारायची, आणि मी पेपर वाचल्यासारखं करत ऐकायचो.

माझा मुलगा हैदराबादला असतो. तिकडेच राहायला या, म्हणून त्यानं लकडा लावला होता. त्याच्या बिल्डिंगमध्ये कुत्रं चालत नाही. एकटेपणानं मीही थकलो होतो. सकाळपासून तीन वाजेपर्यंत स्वतःचा आवाजसुद्धा कानावर पडत नसे. शेवटी मी हो म्हटलं. राणीला चांगलं घर मिळावं म्हणून मुलीला सांगितलं, हिचे फोटो काढ आणि खाली माझा नंबर देऊन तुझ्या त्या सगळ्या ग्रुपवर टाक.

“एकटं जनावर ग्रुपवर टाकलं की लोक न्यायलाच येत्यात, आप्पा,” ती म्हणाली.

“मग न्यायलाच यायला हवेत,” मी म्हणालो. तिनं पुडा काढून चुरगाळला आणि राणीवर मोबाइल रोखला.

दुसऱ्या दिवशी तिनं अकरा फोटो टाकले. एकात नुसती शेपटी. दुसऱ्यात राणी जांभई देत होती, ती कुणाचा तरी लचका तोडायला निघाल्यासारखी. तिसऱ्यात तिला खरूज झाल्याचा भास होत होता. आणि प्रत्येक फोटोत ती डाव्या बाजूला होती, बरोब्बर तडकलेल्या काचेखाली. म्हशीसाठी अडीच तास बसणाऱ्या मुलीचं हे काम! आठवडा गेला, राणीला न्यायला कुणी आलं नाही. मग मी तिला सरळच विचारलं, की असे फोटो का काढलेस.

ती चार्जरची वायर बोटाला गुंडाळत राहिली. “तुमी गेल्यावर दुपारचं मी कुठं बसू?” म्हणाली.

मी उठून चहा टाकला. रात्री मुलाला कळवलं, कुत्री कुणी नेत नाही, पुढच्या वर्षी बघू. त्याला ते पटलं.

यंदा बारावी होऊन ती पुण्याला गेली. मावशीकडे राहते. समोरच्या दाराला आता दिवसभर कुलूप असतं. लिहायला लाज वाटते, पण तीन वाजले की मला करमत नाही. फोनवर ती अजून फुशारकी मारते, की आप्पा, माझ्या त्या घाण फोटोंनीच तुम्हा दोघांना गावात ठेवलं. मी हो म्हणतो.

खरी गोष्ट तिला अजून सांगितलेली नाही. फोटो टाकल्याच्या चौथ्या दिवशी दौंडहून एका गृहस्थांचा फोन आला होता. त्यांनी तो नुसत्या शेपटीचा फोटो पाहिला होता आणि तेवढ्यावर त्यांना कुत्री पसंत होती. शेतात घर, दोन लहान मुलं, संध्याकाळी गाडी घेऊन येतो म्हणाले. माणूस भला वाटला. कुत्री कालच दिली, असं सांगून मी फोन ठेवला, तेव्हा तीन वाजले होते आणि समोरून ती चार्जर हलवत येत होती.