जानूच्या तिसऱ्या

आमच्या कॉलेजात संशोधन होतं हे बाहेर सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. पण होतं. संस्था दरवर्षी स्वतःच्या खिशातून थोडे पैसे बाजूला काढते, त्याला अंतर्गत संशोधन निधी म्हणतात. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी अर्ज करायचे आणि पाच जणांच्या समितीनं ते तपासायचे. मी मराठी शिकवतो, म्हणून समितीत आहे. ज्याला विषयातलं काही कळत नाही असा एक सदस्य प्रत्येक समितीत लागतोच. तो अडथळा आणत नाही.

पण ही गोष्ट माझी नाही, जानू भोईरची आहे. जानू आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. जुईनगरच्या पलीकडे खाडीच्या अंगाला त्याचं गाव, आता टॉवरांच्या मधे कुठंतरी सापडतं. बाप मासे मारायचा. बायको पुतळाबाई आजही बाजारात पाटी घेऊन बसते. जानूला मात्र दहावी नापास होताच मामानं कॉलेजात चिकटवला. बेचाळीस वर्षं त्यानं बेडूक, झुरळं, काचसामान आणि प्राध्यापक सांभाळले. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात नाजूक, असं तो म्हणायचा.

विभागप्रमुख मंजुषा मॅडम. त्यांचा विषय एकच, खाडीचं आरोग्य. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, आणायच्या, त्यांच्या मांसात शिसं किती नि जस्त किती ते मोजायचं, आलेख काढायचा. अकरा वर्षं हा प्रकल्प आमचा निधी घेत होता आणि अकरा वर्षं आलेख खाली उतरत होता. खाडी सुधारते आहे, असं मॅडम परिषदांमधून सांगत आणि टाळ्या घेत. स्वतः त्या खाडीत कधी उतरल्या नाहीत. चिखलात जायचा तो जानू.

आता समितीचंही खरं सांगतो. जानू तिसऱ्या दुप्पट आणायचा. निम्म्या प्रयोगशाळेला, निम्म्या पुतळाबाईला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा हजर. ओल्या खोबऱ्याचं वाटण, वर दोन कोकमं. मॅडमचा अर्ज समितीपुढे यायचा तो नेमका त्याच आठवड्यात. मी पहिलं पान चाळून सही ठोकायचो. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच, फक्त आमचं मीठ कालवणातलं होतं.

जानूची इच्छा एकच होती आणि ती सगळ्या कॉलेजला पाठ होती. अहवालाच्या शेवटी आभाराचं पान असतं. त्यात प्राचार्य यायचे, संस्थाचालक यायचे, मॅडमचे यजमान यायचे, एका वर्षी तर त्यांचं मांजरही येऊन गेलं. जानू कधी आला नाही.

"मॅडम, या वेलेला तरी टाका," तो म्हणाला. "मे मयन्यात मी रिटायर व्हनार हाय."

मॅडमनी शब्द दिला, यंदा नक्की.

आणि यंदाच क्रांती उपटली. तिसऱ्या वर्षाची मुलगी, मूळची साताऱ्याकडची, वडील मार्केटात माथाडी. तिनं विद्यार्थ्यांच्या वाट्याच्या निधीतून हाच विषय मागितला. मॅडमनी आनंदानं दिला, आलेखावर आणखी एक ठिपका वाढत होता. पण पोरीनं एक आगाऊपणा केला. जानूला न सांगता ओहोटीला स्वतःच खाडीत उतरली, गुडघाभर चिखलातून तिसऱ्या उकरल्या आणि तशाच बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत आणल्या. तिच्या घरी तिसऱ्या कधी शिजल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांचं काय करतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा आकडा आला तो मॅडमच्या सहापट.

मॅडम म्हणाल्या, मुलीनं नमुने बिघडवले. तिनं समितीपुढे येऊन खुलासा करावा, नाही पटला तर प्रकल्प बंद.

खुलाशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत गेलो. तिथला चहा बीकरमध्ये होतो आणि कँटीनपेक्षा बरा होतो. क्रांती रडवेली होऊन जानूसमोर बसली होती.

"काका, तुमी तिसऱ्या कशा आणता ओ? सगळं सांगा."

जानू खूश झाला. "अकरा वर्सांत ह्या कोनी इचारला नाय," तो म्हणाला. "पयल्यांदा सात पान्यानी धुतो. मंग रातभर टपात मिठाच्या पान्यात ठेवतो. बरोबर सगला चिखल ओकतात. सकाली परत पानी बदली. सुरवातीला मी एक तासच ठेवायचो. मंग मॅडम खूश व्हायला लागल्या, तसा टाइम वाढवत गेलो."

"पण का, काका?"

"का म्हंजे? अर्ध्या सर लोकांच्या डब्यात जानार. दाताखाली रेती आली तं पुतलीचा नाव जाईल. आनि लॅबला काय घान देऊ? मानसाला देतात तसाच द्यायचा."

माझा चहा तसाच राहिला. शिसं त्या ओकलेल्या चिखलाबरोबर मोरीत जात होतं. अकरा वर्षं खाडी सुधारत नव्हती, जानू सुधारत होता.

मी बाहेर पडलो, तर क्रांती मागोमाग व्हरांड्यात येऊन मला म्हणाली, "सर, उद्या मी माझीच चूक म्हणून सांगणार. काकांचं नाव यायचंय अहवालात. मी खरं बोलले तर ते कसलं येणार?"

मला माझी लाज वाटली. एकोणीस वर्षांची पोर आपला प्रकल्प सोडायला निघाली होती आणि मी अकरा डबे चापून गप्प होतो. आत गेलो तर जानू धुतलेलाच बीकर पुन्हा धूत होता.

"सर, माजा कायतरी चुकला ना? खरा सांगा."

मी सांगितलं. त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "मना वाटला, मी चांगला करतंय." एवढं बोलून तो लवकर घरी गेला.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. क्रांती उठून "माझे नमुने" एवढंच म्हणाली, तोच जानू आत आला. रोज चहाचा ट्रे घेऊन येतो तसाच आला, पण ट्रेवर दोन वाडगे होते. ते त्यानं थेट आमच्या फायलींवर ठेवले. एकातलं पाणी फायलीवर सांडलं, काळं.

"कालच्या ओहोटीच्या हायत, दोन्ही एकाच जागच्या," तो म्हणाला. "या धुतलेल्या, या न धुतलेल्या. मॅडम अकरा वर्सं या तपासतात. पोरीनं या तपासल्या. पोरीचा बरोबर हाय. माजा नाव टाकू नका."

मॅडमचा चेहरा उतरला. बाकीचे वाडग्यांवर वाकून बघू लागले. शेवटी प्राचार्यांनी घसा खाकरला. डब्यावर सगळ्यात आडवा हात तेच मारत.

"भोईर, आपण खायचो त्या कुठल्या?"

"धुतलेल्या, सर."

समितीनं एकदम श्वास सोडला. क्रांतीचा प्रकल्प चालू ठेवावा, हा ठराव मी मांडला. समितीतला माझा तो पहिला ठराव.

दोन्ही वाडगे तपासले गेले आणि क्रांतीचंच खरं निघालं. मॅडम आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. नंतर मात्र त्यांनी भिंतीवरचा आलेख स्वतःच्या हातानं उतरवला आणि गमबूट विकत आणले. निधीला नवा नियम लागला, ज्याचा प्रकल्प त्यानंच नमुने गोळा करायचे. पुढच्या वर्षासाठी एकूण अर्ज आलेत दोन. स्टाफरूममध्ये आता पनीर असतं.

क्रांतीचा अहवाल जानूच्या निरोपाच्या दिवशी आला. अहवाल इंग्रजीत, पण आभाराचं पान तिनं हट्टानं मराठीत छापलं होतं. त्यावर एकच ओळ होती: नमुने न धुता आणल्याबद्दल श्री. जानू बाळू भोईर यांचे मनःपूर्वक आभार.

जानूनं ती तीनदा वाचली. निरोपाचा नारळ खुर्चीवरच विसरला आणि पान घेऊन तडक बाजारात गेला. नारळ द्यायला मी मागोमाग. पुतळाबाईनं हात पुसले, ओळ वाचून घेतली आणि परत एकदा वाचायला लावली.

"अकरा वर्सं धुवून दिलास," ती म्हणाली, "तं कोनी नाव नाय घेतला. एकदा घान नेलीस, तं छापून आला."

जानू हसला. पान मासळीच्या पाण्यात भिजू नये म्हणून डोक्यावर उंच धरून तो घरी निघाला.